कोल्हापुरी चप्पल : बनवली कोणी, घालू दिली कोणाला?



मागच्या महिन्यात शालिमारला चप्पल घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून पुढे केलेली जोडी रेक्झिनची निघाली, तळाला खिळे मारलेले. न घेता बाहेर पडलो. सोबतचा तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, बरंच झालं. जातीचा धंदा आपण कशाला जगवायचा?" हा प्रश्न आपल्या चळवळीत अनेकांच्या मनात असतो.

आधी वस्तू समजून घेऊ. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते. ती खिळ्याने ठोकत नाहीत, चामड्याच्या वादीने शिवतात. वरची नाजूक वेणी बहुतेक घरातल्या बायका घालतात, पण कारागीर म्हणून नाव पुरुषाचंच लागतं. कातडं कमावणारे ढोर, चप्पल शिवणारे चांभार. ज्यांच्या हाताशिवाय गावाचा पाय झाकला जात नव्हता, त्याच अस्पृश्यांना गावातून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. पायातलं वहाणसुद्धा जात ठरवत होती. आपल्या शाळेच्या इतिहासात हे किती ओळींत आलं ते आठवून बघा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अशाच चपला मॉडेलच्या पायात घातल्या. कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला : दोन हजार जोड्या, एकेकीची किंमत जवळपास ८०० युरो. वर्तमानपत्रांत 'महाराष्ट्राची शान', 'मराठी अस्मिता' असे मथळे झळकले. चांभार हा शब्द मात्र शोधावा लागत होता. शान सगळ्यांची आणि शिवून शिवून वाकलेली पाठ एकाच जातीची, हे कसं?

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात त्यांनी दाखवलं की जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे. त्यांचा विरोध जन्माने लादलेल्या कामाला होता. कसबाला आणि त्याच्या दामाला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. लादलेलं काम नाकारणं आणि स्वतः निवडलेल्या कामाचा पुरा मोबदला मागणं, या दोन्ही गोष्टी एकाच स्वाभिमानातून येतात. चांभाराचं पोर इंजिनिअर झालंच पाहिजे. पण जो आज रापी आणि आरी घेऊन बसला आहे, त्याला उपाशी ठेवून जात मोडत नाही.

आणि 'तो त्यांचा प्रश्न' असं म्हणणाऱ्या आपल्या बौद्ध बांधवांना एक आठवण. बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम शिवतरकर चर्मकार समाजातले. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोजही त्याच समाजातले. आपण नाशिककर २ मार्च १९३० चा काळाराम सत्याग्रह आणि दादासाहेब गायकवाड अभिमानाने सांगतो, पण ही नावं जयंतीच्या बॅनरवर क्वचितच दिसतात. पोटजातींच्या भिंती आपणही सांभाळल्या, हे कबूल करायला हवं.

दुसरीकडे सरकार काय करतं? २०१५ मध्ये महाराष्ट्राने बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी घातली. कातडं मिळवणं कारागिराला अवघड झालं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातमधील ऊना इथे मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. चामड्याची चप्पल संस्कृती ठरते आणि चामड्याला हात लावणारा गुन्हेगार.

म्हणून मी लोकल घेतो ते स्वदेशीच्या भक्तीपोटी नाही. गावगाड्याचं गुणगान करणारी स्वदेशी आपल्याला परवडणारी नाही. मी विचारतो एवढंच : ही शिवली कोणी, आणि त्याच्या हातात किती पडले? दुकानदार बहुधा उत्तर देत नाही. १९७४ साली स्थापन झालेल्या चर्मोद्योग महामंडळाला, जे आता संत रोहिदासांच्या नावाने चालतं, हाच प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो : करारातल्या ८०० युरोंपैकी शिवणाऱ्याला आणि वेणी घालणाऱ्या बाईला किती रुपये मिळणार? अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी शालिमारला, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ यावं. चप्पल कोणतीही चालेल.