समोर दिसणारं गाव

साल 1910. पहाटेच्या अंधारात तुमची बैलगाडी बारामतीतून निघाली आहे. इंदापूर सोळा कोसांवर. बैल थकतील तिथं तुमचा मुक्काम. नीरेच्या डाव्या कालव्याकडून ओला गारवा येतो. बाकी रस्ताभर फुफाटा. सणसरच्या आसपास रात्र काढाल, उद्या दिवस मावळता इंदापूरची वेस दिसेल.

चार वर्षं पुढं या. दौंडहून अरुंद रुळांवरची छोटी गाडी बारामतीला येऊन थांबली आहे. बसा तिच्यात. सत्तावीसेक मैलांवर दौंड. तिथं गाडी बदलली की पुणं, मुंबई. पण इंदापूरला रूळ गेलेले नाहीत. ते अजून बैलांच्याच पायांवर, दोन दिवस लांब. मुंबई जवळ आली आणि शेजारचा तालुका होता तिथंच राहिला, याचं मला फार वाटतं. लेक तर शेजारच्याच तालुक्यात दिलेली असते.

तिला माहेरी आणली ती एसटीनं. 1 जून 1948 ला पहिली गाडी पुणे-नगर धावली, पुढं गावोगाव फाटे झाले. आता तुम्ही इंदापूरच्या वाटेवर अंथुर्ण्याच्या फाट्यावर उभे आहात. टपावर पोती, मांडीवर पोर. कंडक्टर दोनदा घंटी मारतो. सकाळी निघून पंचमीच्या दुपारी लेक दारात!

आता भीमेकडं वळा. उजनीचं धरण होण्याआधी इंदापूरच्या काठावरून करमाळ्याच्या काठाला जायचं तर मध्ये फक्त नदी. 1980 च्या सुमारास धरण झालं, पाणी पसरलं, जुनं पळसदेव बुडालं. त्या पाण्यानं कालवे भरले, ऊस वाढला, हेही खरंच. पण रस्त्यानं पलीकडं जायला मोठा वळसा पडू लागला. म्हणून माणसं लाँचमध्ये बसू लागली, मोटारसायकलीसुद्धा चढवू लागली.

21 मे 2024. संध्याकाळ. करमाळ्याच्या काठावरच्या कुगावहून इंदापूरच्या काठावरच्या कळाशीकडं निघालेली बोट वादळात सापडते आणि उलटते. सहा जण जातात, त्यांत लहान मुलंही.

तुम्ही कळाशीच्या काठावर आहात. वारा आता पडला आहे. टाकीत पेट्रोल आहे, मागं बारामती तास-सव्वा तासावर. समोर, पाण्यापलीकडं, कुगावचे दिवे लागत आहेत.