हास्कॅप: बुलडोझर येण्याआधी खणून नेलेलं फळ

आजचा भाग अशा एका फळाबद्दल, जे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलंही नसेल. मीही नव्हतं पाहिलं. कॅनडातल्या सस्कटूनमध्ये नोकरी करणारा माझा कॉलेजचा मित्र सुट्टीवर आला आणि जॅमची बाटली घेऊन आला. एक चमचा तोंडात टाकला आणि थेट करवंदच आठवलं. आंबट, गोड, मागून जरासं तुरट. बाटलीवर नाव होतं, हास्कॅप. यालाच हनीबेरीही म्हणतात.

मी सॉफ्टवेअरवाला. विचित्र नाव दिसलं की खोदत बसायची सवय. हा शब्द कॅनडाचा नाहीच, तो आयनू भाषेतून आलाय. आयनू म्हणजे उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी. अर्थ एकदम साधा: फांद्यांवर भरपूर लागणारं. झुडूप साधारण माणसाच्या उंचीचं, फळ निळं, लांबट आणि नाजूक. हे झुडूप उणे ४० अंशांची थंडी सोसतं, आणि त्याची फुलं उणे ७ अंशांतही टिकतात!

होक्काइदोतल्या तोमाकोमाई शहराजवळ युफुत्सूचं दलदलीचं मैदान आहे. तिथे हास्कॅप रानात उगवायचं. उन्हाळ्यात लोक भांडी घेऊन वेचायला जायचे. आपण कैरी मुरवतो ना, तशी ही फळं मिठात मुरवायचे. १९५३ मध्ये तिथल्या एका मिठाईवाल्याने हास्कॅपच्या जॅमचा रोल केक काढला, योइतोमाके. ओंडके उचलताना मजूर जी आरोळी द्यायचे, तिच्यावरून हे नाव. केकचा आकारही ओंडक्यासारखाच.

आणि मग विकास आला. १९६३ मध्ये तोमाकोमाईचं बंदर सुरू झालं, तेही सपाट किनारा आत खोदून. मागोमाग कारखाने. १९७० च्या दशकात शहराच्या पूर्वेला आणखी मोठी औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, आणि हास्कॅपचं रान नेमकं तिच्याच जागेत होतं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांनी बुलडोझरच्या आधी कुदळी काढल्या. रानातली झुडपं मुळासकट खणून घरी, शेतावर नेली. त्याच काळात जपान सरकार भातशेती कमी करायला सांगत होतं, त्यामुळे शेजारच्या आत्सुमा गावातल्या शेतकऱ्यांना दुसरं पीक हवंच होतं. तिथल्या एका कुटुंबाने तर शेकडो झुडपांची फळं चाखून कमी कडू झुडपं वेगळी काढली. त्यातून आलेल्या एका जातीचं नाव आत्सुमा-मिराई. मिराई म्हणजे भविष्य.

माझ्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप होता. पण त्यात एक मेख आहे. हास्कॅपच्या एकाच जातीची झुडपं लावली तर फळ नीट धरत नाही. शेजारी वेगळ्या जातीचं झुडूप लागतं, आणि परागकण नेणाऱ्या माश्या. म्हणजे एक कॉपी ठेवून भागत नाही, वेगवेगळ्या कॉपी लागतात.

कॅनडात हे फळ उभं राहिलं ते अशाच वेगवेगळ्या कॉप्यांवर. सस्कॅचेवान विद्यापीठात बॉब बोर्स यांनी रशिया, कुरिल बेटं आणि जपान इथल्या वाणांचा संकर केला. २००७ मध्ये टुंड्रा आणि बोरेॲलिस या जाती बाहेर आल्या. रशियातही हनीबेरीचा मोठा संग्रह होता, सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्हलोव्हस्क केंद्रात. २०१० मध्ये ती जमीन घरं बांधायला द्यायचा घाट घातला गेला, आणि जगभरातल्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला. फळ तेच, भांडणही तेच: जमीन कोणाची?

हे सगळं वाचताना मला माझं आजोळ आठवत राहिलं. घरामागच्या डोंगरउतारावर करवंदाच्या जाळ्या होत्या. कुठल्या जाळीचं गोड आणि कुठल्या जाळीचं नुसतं लोणच्यापुरतं, हे आजीला पाठ होतं. आता तिथे प्लॉटिंग झालंय. आजीही नाही. माझ्याकडे त्या जाळ्यांचा एक फोटोसुद्धा नाही. दिवसभर लोकांच्या डेटाचा बॅकअप घेणारा मी, आणि हा बॅकअप राहूनच गेला.

उताराच्या वरच्या टोकाला थोड्या जाळ्या अजून आहेत म्हणे. यंदा मे महिन्यात जाणार आहे, पिकलेली करवंदं आणून त्यांचं बी पेरायला. एकाच जाळीची नाही, जेवढ्या सापडतील तेवढ्यांची.

तुमच्या गावातलं असं कुठलं फळ आहे, ज्याची जागा फक्त आजीला माहीत आहे? आजच फोन करा आणि विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!