एक सभासद, एक मत : एका साध्या नियमाची गोष्ट

आपल्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी हमखास निघतो. "आमचा फ्लॅट मोठा, दुरुस्ती निधी आम्ही जास्त भरतो, मग मत मात्र एकच का?" प्रश्न चिडून विचारलेला असतो, त्यामुळे उत्तरही तसंच मिळतं, "कायद्यात आहे म्हणून!" उत्तर बरोबर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये तसंच लिहिलं आहे. पण कायद्यात ते आलं कुठून आणि का, हे कोणी सांगत नाही. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ती गोष्ट सांगावी म्हणतो. ती फक्त सोसायटीची नाही, आपल्या लोकशाहीचीही आहे.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं कापड गिरण्यांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कामगारांची मजुरी तुटपुंजी, आणि दुकानदार माल द्यायचे भेसळीचा. १८४४ साली तिथल्या २८ विणकरांनी आणि कारागिरांनी पै-पै साठवून २८ पौंड जमवले आणि टोड लेन नावाच्या गल्लीत स्वतःचं दुकान काढलं. विकायला काय, तर लोणी, साखर, पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. पण त्यांनी केलेले नियम जगभर गेले. माल शुद्ध, माप पुरेपूर, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, आणि भांडवल कितीही घाला, सभेत प्रत्येकाला मत एकच. स्त्रियांनाही सभासद होता येत असे.

यातली खरी गंमत पुढे आहे. या माणसांपैकी बहुतेकांना त्या वेळी पार्लमेंटच्या निवडणुकीत मतच नव्हतं. मत मालमत्तेवर मिळायचं. सर्व पुरुषांना मताधिकार द्या, असा लाखो सह्यांचा अर्ज चार्टिस्ट चळवळीने १८३९ आणि १८४२ साली केला होता. पार्लमेंटने तो दोन्ही वेळा फेटाळला. रॉचडेलच्या त्या मंडळींत काही चार्टिस्ट होते. देशाने जे नाकारलं, ते त्यांनी आपल्या दुकानात एकमेकांना देऊन टाकलं.

आपल्याकडेही असंच घडलं. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. आपल्या देशातल्या गृहनिर्माण सोसायट्यांची ही थोरली बहीण. रावबहादूर तालमकी हे तिच्यामागचे प्रमुख. देशाचा कारभार तेव्हा व्हाइसरॉय बघत होता आणि सामान्य माणसाला त्यात काडीचाही अधिकार नव्हता. पण स्वतःच्या इमारतीचा कारभार सभेत बसून, बरोबरीच्या मताने करायचा सराव तिथे सुरू झाला होता. लोकशाहीची बालवाडी म्हणा ना!

आता वळू या मूळ प्रश्नाकडे. सगळ्यांना सारखंच मत, हे खरंच शहाणपणाचं आहे का? हा प्रश्न ऐऱ्यागैऱ्याने विचारलेला नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने तो विचारला होता. मताधिकार वाढावा, असंच त्याचं म्हणणं होतं. १८६७ साली पार्लमेंटमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्याने दुरुस्ती मांडली होती. ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. पण हाच मिल १८६१ च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की, लिहिता-वाचता आणि साधं गणित न येणाऱ्याला मत देऊ नये, आणि जास्त शिकलेल्याला एकाहून जास्त मतं द्यावीत. अशा जास्त समजूतदार लोकांची जी यादी तो देतो, तिच्यात बँकवालेही आहेत. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, नाही कशाला म्हणू? पण कर्जाच्या फायली चाळण्यात अनेक वर्षं घालवल्यावर एवढं नक्की सांगू शकतो की, शिक्षण आणि समंजसपणा यांचं खातं एकच नसतं.

मिलची ही कल्पना हवेतली नव्हती. इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या पदवीधरांना आणि दुसऱ्या मतदारसंघात धंद्याची जागा असणाऱ्यांना दुसरं मत मिळत असे. हा प्रकार १९४८ च्या कायद्याने बंद झाला, आणि अशा जादा मतांशिवायची पहिली सार्वत्रिक निवडणूक तिथे १९५० साली झाली. म्हणजे ज्यांच्याकडून आपण लोकशाही शिकलो असं मानतो, त्यांच्याकडे आणि आपल्याकडे 'एका माणसाला एकच मत' हे तत्त्व पूर्णपणे आलं ते जवळजवळ एकाच वेळी.

आणि आपल्याकडे ते किती धाडसाने आलं! ब्रिटिश अमदानीत मत मिळायचं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढेच प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनाच पुन्हा 'तुम्ही निरक्षर, म्हणून मत नाही' असं सांगणं हा अन्यायावर अन्याय झाला असता. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने २१ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. (१८ वर्षांची अट १९८९ पासूनची.) १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. म्हणून उमेदवारांना चिन्हं दिली, प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली. सुमारे २८ लाख स्त्रियांनी यादीत स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नावं यादीत धरली नाहीत. निर्णय कठोर होता, पण मत घराण्याचं किंवा नवऱ्याचं नसून त्या बाईचं स्वतःचं आहे, हा त्याचा अर्थ होता.

यातून मला जे समजतं ते असं. सारखं मत देताना कायदा 'सगळे सारखेच हुशार आहेत' असं मुळीच म्हणत नाही. तो म्हणतो की, निर्णयाचे परिणाम सगळ्यांना भोगायचे आहेत, आणि कोणाचं आयुष्य जास्त किमती हे ठरवायचा अधिकार कोणालाच नाही. पाण्याची टाकी फुटली तर वन बीएचकेमधल्या आजींनाही तेवढीच तहान लागते. म्हणून बांधकाम खर्चावर निघणारा दुरुस्ती निधी मोठ्या फ्लॅटला जास्त पडतो, पण मत वाढत नाही. भिंतींचा हिशोब वेगळा आणि माणसांचा वेगळा.

पण मग ज्यांची डोकी जास्त, ते म्हणतील ती पूर्व दिशा का? तर तेही नाही. गच्चीतून पावसाळ्यात गळती झाली की त्रास फक्त वरच्या मजल्याला होतो. खालच्या सगळ्या मजल्यांनी ठरवलं, 'आमचं गळत नाही, आम्ही खर्च करणार नाही', तर वरचे बिचारे कायम अल्पमतात. म्हणूनच आदर्श उपविधींनी गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या माथी टाकली आहे. तिथे हात वर करून चालत नाही. देशाच्या संविधानात मूलभूत हक्कांचं काम हेच आहे. बहुमताने पुष्कळ काही ठरवावं, पण काही गोष्टी बहुमताच्याही हाताबाहेर ठेवलेल्या असतात. आज टीव्हीवरच्या चर्चेत 'लोकांनी निवडून दिलंय' हे शेवटचं उत्तर म्हणून फेकलं जातं, तेव्हा मला आपली गच्ची आठवते. मग बोलणारा कोणत्या का पक्षाचा असेना.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानिक नीतिमत्तेचा मुद्दा मांडला होता. ही नीतिमत्ता माणसाला जन्मतः येत नाही, ती जोपासावी लागते, असं त्यांनी बजावलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला, आणि त्यासाठी दाखला दिला तो याच मिलचा. विचारवंताचं पटेल तेवढं घ्यावं आणि न पटणारं सोडावं, याचा यापेक्षा चांगला धडा कोणता?

ही नीतिमत्ता रोजच्या व्यवहारात फार साधी असते. ताळेबंद वाचून सभेला यावं. विरोधकाचं पूर्ण ऐकून घ्यावं. ठराव आपल्याविरुद्ध गेला तर 'बघून घेतो' न म्हणता वर्गणी वेळेवर भरावी, आणि पुढच्या सभेत पुन्हा मुद्दा मांडावा. जिंकलेल्यांनी हरलेल्यांशी लिफ्टमध्ये बोलणं सोडू नये.

सध्या कमी पडतं ते नेमकं हेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या सहाही मतदारसंघांत मतदान ५० ते ५७ टक्क्यांच्या आसपास राहिलं, तर जंगल तुडवत केंद्रावर जावं लागतं त्या गडचिरोली-चिमूरमध्ये ते ७० टक्क्यांच्या वर गेलं. सोसायटीतही तीच तऱ्हा. गणसंख्येसाठी दोन-तृतीयांश किंवा २० सभासद, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. तीही भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग असतील तेवढ्यांवर चालते. म्हणजे सात-आठ जण सगळ्या इमारतीचा वर्षाचा कारभार ठरवतात. बाकीचे दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मत देतात. ते मत इतिवृत्तात येत नाही.

आपली इमारत आता २५ वर्षांची झाली. मोठ्या दुरुस्त्या, संरचनात्मक तपासणी आणि आज ना उद्या पुनर्विकास, हे विषय येणारच आहेत. पुनर्विकासाच्या सभेला नियम जास्त कडक आहेत, तिथे पाच-सात जणांवर भागत नाही. पण त्या दिवशी अचानक सगळे जमले आणि एकमेकांचं ऐकायची सवयच नसली, तर नुसत्या गणसंख्येने काय होणार? ती सवय रंगकाम, पार्किंग आणि पाण्याच्या पंपासारख्या किरकोळ विषयांवरच लागत असते. तेव्हा सप्टेंबरमधल्या सभेची सूचना फलकावर लागली की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि येताना घरातल्या तरुण मुलामुलींनाही बरोबर आणावं. सभासद नसल्याने त्यांना मत देता येणार नाही, पण मत कसं द्यायचं असतं ते बघता तरी येईल.