मनोरुग्णांचे ताब्यातील मृत्यू व जाहीर चौकशी

मानसिक आजाराच्या कारणाने इतरांच्या ताब्यात असलेली व्यक्ती दगावली, तर त्या मृत्यूचा तपास संबंधित खात्याबाहेरच्या आणि साक्षीदार बोलावण्याचा अधिकार असलेल्या आयोगाने लोकांसमोर करावा, अशी ही मागणी. तिची निकड कोल्हापूरच्या इतिहासात ठळक दिसते. १८७१ मध्ये दत्तक आलेले छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून १८८२ मध्ये कारभार रीजन्सी कौन्सिलकडे देण्यात आला. महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप करत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. मात्र पुरावा म्हणून हाती आलेली पत्रे बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे ग्रीन या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. खोलीच्या आत काय घडते हे विचारण्याचा रीतसर मार्ग नसला, की आरोप करणाऱ्याला चोरून आलेल्या कागदांवर विसंबावे लागते. ते कागद खोटे निघाले की मूळ प्रश्नही खोटा मानला जातो. बर्व्यांवर अन्याय झाला असेल, तर तोही याच अंधारामुळे.

पोलीस कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातील प्रत्येक मृत्यूला तो नियम आपोआप लागत नाही, मग वॉर्डाला कुलूप का असेना. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला हक्क दिले, तक्रारीसाठी पुनरावलोकन मंडळे दिली. पण मेलेला माणूस तक्रार करत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हा कुठे आयोग नेमला गेला. सुटे, एकेकटे मृत्यू मात्र केसपेपरात मिटून जातात. चौकशीला सक्तीचा अधिकार का हवा, याचे उत्तर इंग्लंडमधील एसेक्सने दिले आहे. तेथील मनोरुग्णसेवेतील मृत्यूंची चौकशी २०२१ मध्ये अशा अधिकाराविना सुरू झाली आणि सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांपैकी फक्त ११ जण साक्षीला यायला तयार झाले. त्यामुळे २०२३ मध्ये तिला वैधानिक दर्जा द्यावा लागला.

जाहीर चौकशीने रुग्णाचे खासगीपण उघडे पडेल, हा आक्षेप वजनदार आहे. घराण्याला लागणाऱ्या बोलाची भीती आपल्याकडे अजून खरी आहे. पण चौकशी आयोग कायदा, १९५२ नुसार एखादी बैठक खुली घ्यायची की बंद दाराआड, हे आयोग ठरवू शकतो. आधीच अपुऱ्या असलेल्या परिचारिका आणि परिचर धास्तावतील, असेही म्हटले जाते. आयोगासमोरचा जबाब, खोट्या साक्षीचा खटला वगळता, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे एका रात्रपाळीत किती रुग्ण एकट्यावर सोपवले होते, हे सांगायला त्या परिचराला हीच जागा सर्वांत सुरक्षित. न्यायालय आहेच की, हा युक्तिवाद मात्र तोकडा पडतो. खटला एका आरोपीचा दोष शोधतो; पाळ्या, रिक्त पदे, औषधे, कुलपे यांचा एकत्रित हिशोब तो मागत नाही. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे खरे. तरीही अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावे लागते.