नाणेघाटाची रिकामी भिंत : पार्श्वभूमी वगळण्याविषयी

जुन्नरहून घाटघरमार्गे कोकणात उतरणारी प्राचीन वाट म्हणजे नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक दालन आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर सातवाहन राणीचा सुप्रसिद्ध दीर्घ लेख कोरलेला आहे. प्रत्येक भिंतीवर दहा अशा त्याच्या वीस ओळी. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आता नाहीत. पावलांच्या काही खुणा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेली नावे एवढेच उरले आहे. चित्रातून आकृती कातरून घ्यावी आणि पार्श्वभूमी टाकून द्यावी, ही आपली नेहमीची रीत. येथे काळाने नेमके उलट केले आहे. आकृत्या गेल्या आणि पार्श्वभूमी राहिली.

या उरलेल्या पार्श्वभूमीवरून काय कळते ते पाहण्यासारखे आहे. आज नावांचे सहा लेख वाचता येतात. पहिला राजा सिमुक सातवाहनाचा. दुसरा देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी या दोघांचा. तिसरा कुमार भायल याचा. त्यानंतर महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन यांची नावे येतात. लेख सहा, त्यांत नावे सात. पण प्रतिमा मात्र आठ होत्या. भायल आणि महारठी यांच्यामध्ये एका प्रतिमेपुरती जागा आहे आणि तिच्यावरचे नाव नष्ट झाले आहे. त्या आठव्या व्यक्तीचे अस्तित्व आपल्याला कोणत्याही अक्षराने सांगितलेले नाही. ते सांगते ती दोन नावांमधील अंतराची साक्ष.

आता हेच सहा लेख एखाद्या प्रबंधासाठी किंवा वर्गातील स्लाइडसाठी तयार करायचे आहेत असे समजा. आपण जुन्या ग्रंथातील पट्ट स्कॅन करतो, प्रत्येक नाव चौकटीत घेऊन क्रॉप करतो, करडा डाग पुसून पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे आणतो आणि एकाखाली एक सहा ओळी लावतो. चित्र नीटनेटके होते, वाचायला सोपे होते, आणि आठवी व्यक्ती इतिहासातून निघून जाते. कोणतेही अक्षर बदललेले नसते, कोणतीही चूक दाखवता येत नाही; फक्त मोकळा कातळ वगळलेला असतो. पार्श्वभूमी वगळणे हे तांत्रिक काम नसून वाचन आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

हे वाचन संगणकाने सुरू केलेले नाही. कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तोही त्याच वर्षी. म्हणजे या नकला तयार झाल्या तेव्हा ती अक्षरे कोणालाच नीट वाचता येत नव्हती. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याने रेघ कोणती आणि कातळाची भेग कोणती हे कशावरून ठरवावे? डोळ्यांनी पाहून हाताने उतरवलेली नक्कल हा त्या काळचा नेहमीचा मार्ग होता, आणि प्रत्येक नकलेत नकलाकाराचा निवाडा मिसळलेला असे.

पुढे ठसा घेण्याची पद्धत रूढ झाली. ओला कागद शिळेवर अंथरून ब्रशने ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि वाळत आला की वरून शाईची गादी फिरवायची. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. या पद्धतीचा मोठा गुण असा की ती भेदभाव करत नाही. छिन्नीने केलेली खाच आणि पावसाने केलेली खाच दोन्ही सारख्याच पांढऱ्या उमटतात. निवाडा वाचकाकडे राहतो. अशोकाच्या लेखांबाबतीत हा फरक ठळकपणे दिसतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ साली त्यांचा जो संग्रह काढला त्यातील पट्ट पुढच्या संशोधकांना पुरेसे विश्वसनीय वाटले नाहीत. ई. हुल्ट्श यांनी १९२५ मध्ये त्याच लेखांची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा तिच्यात ठशांवरून केलेले पट्ट दिले. या अठ्ठेचाळीस वर्षांत लेख बदलले नव्हते. चित्रात किती कातळ ठेवायचा याविषयीची समज बदलली होती.

नाणेघाटाच्या अभ्यासात हा प्रश्न किती नाजूक आहे हे तेथील अंकांवरून कळते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली या लेखातील प्राचीन अंकांवर निबंध लिहिला; भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातील तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो. राणीने यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद लेखात आहे : गाई, घोडे, कार्षापण. ती अंकांत लिहिलेली आहे. या पद्धतीत स्थानमूल्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. एक आणि दोन हे अंक आडव्या रेघांनी लिहिले जातात. शंभराच्या चिन्हाला एक छोटी रेघ जोडली की दोनशे होतात, दोन जोडल्या की तीनशे. म्हणजे कातळावरील एक बारीक ओरखडा ‘डाग’ समजून पुसला तर गोदानाचा आकडा शंभराने घटू शकतो. आणि एक नैसर्गिक भेग अक्षराचा भाग समजून ठेवली तर तो वाढू शकतो.

अंकांचे जे, तेच नावांचे. दीर्घ लेखात एका कुमाराचा उल्लेख आहे. गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडात हा लेख संपादित केला तेव्हा त्यांनी ते नाव ‘वेदिसिरि’ असे वाचले. पुढील काही अभ्यासकांनी त्याच जागी ‘खंदसिरि’ वाचले. पहिल्या वाचनाने एक अनोळखी राजपुत्र मिळतो, दुसऱ्याने त्याचा संबंध पुराणांतील वंशावळीतल्या स्कंद नावाशी जोडता येतो. सातवाहनांच्या सुरुवातीच्या क्रमाची मांडणी त्याने बदलू शकते. हा वाद होऊ शकला याचे एक कारण असे, की झिजलेल्या अक्षरांभोवतालची झीजही अभ्यासकांना पाहायला मिळत होती. ब्यूलर यांच्या वाचनानुसार कोणी ती अक्षरे ‘स्वच्छ’ करून छापली असती, आणि पुढच्यांच्या हाती केवळ ते स्वच्छ चित्रच पडले असते, तर दुसरे वाचन सुचायला जागाच उरली नसती.

आता आपल्या टेबलावरील साधनांकडे येऊ. ॲडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० साली आले. नंतर गिंपसारखी मुक्त साधनेही आली. पार्श्वभूमी काढण्याची त्यांतील जुनी तंत्रे मुळात साधी आहेत. ‘थ्रेशोल्ड’ हे एक सीमा ठरवते : तिच्यापेक्षा उजळ ते पांढरे, गडद ते काळे. ‘मॅजिक वाँड’ आपण टिचकी मारलेल्या बिंदूच्या रंगाशी मिळतेजुळते शेजारचे बिंदू एकत्र निवडते. दोन्ही साधनांना ब्राह्मी येत नाही. साईक्स यांच्या काळातील नकलाकारालाही ती येत नव्हती. अनुस्वाराचा टिंब आणि दगडातला खळगा त्यांच्या लेखी एकच. अलीकडची स्वयंचलित साधने शिकवलेल्या नमुन्यांवरून ‘विषय’ आणि ‘पार्श्वभूमी’ वेगळी करतात. पण त्यांनाही विषय कोणता हे आधीच्या चित्रांच्या सवयीवरून ठरवावे लागते. लेण्यातल्या भिंतीवर विषय कोणता आणि पार्श्वभूमी कोणती, हाच तर संशोधनाचा प्रश्न असतो.

जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये लेखाची जागा हाही लेखाचा अर्थ असतो. दानलेख फार त्रोटक असतात : कोणाचे दान आणि कशाचे, एवढेच. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याचा लेख येथे आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. अशा लेखाची ओळ एकटी कातरून घेतली तर दाता कळतो, दानवस्तूचे नाव कळते. पण ती टाकी कोणती, मंडप कोणता, हे सांगणारा कातळ चौकटीबाहेर राहतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. नाटकातले वाक्य प्रसंगाबाहेर काढून सुभाषित म्हणून वापरले की काय होते ते आपण जाणतो.

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांपुरताही नाही. जुन्नरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव आहे. मूळ गाव नावात उरले. बुडालेल्या गावांची छायाचित्रे कोणी ठरवून काढलेली फारशी नसतात. ती असतात घरगुती : लग्नाच्या मांडवातली, ओट्यावर बसवलेल्या आजीची, दारापुढे उभ्या केलेल्या बैलजोडीची. पुढे कोणी वारले की हेच छायाचित्र स्टुडिओत जाते. ते स्कॅन होते, चेहरा कातरला जातो, मागे निळे आकाश किंवा फुलांची बाग येते आणि भिंतीवर हार घातलेली तसबीर लागते. घरच्यांची गरज खरी असते. दुःखात माणसाला चेहराच हवा असतो, आणि स्टुडिओवाला ती गरज भागवतो. पण त्या चेहऱ्यामागे जो ओटा होता, जी चौकट होती, कुडाची भिंत होती, तिचे दुसरे चित्र कदाचित कोठेच नसते. मूळ प्रत फाटली किंवा टाकली गेली तर गाव दुसऱ्यांदा बुडते.

मग कातरूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. प्रत्येक संपादन ही निवड असते, आणि निवडीशिवाय वाचता येण्याजोगे काहीच हाती लागत नाही. प्रश्न निवड लपवायची की दाखवायची एवढाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिच्यात संपादकांनी पाठ निवडले, पण नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी ठेवले. आणि ज्या पाठाविषयी खात्री कमी, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय त्याच पानावर मिळाली. कातरलेल्या, स्वच्छ केलेल्या चित्राला अशी नागमोडी रेघ नसते. त्याची कड इतकी ठाम असते की शंका घेण्याची इच्छाच होत नाही.

ती रेघ आपण देऊ शकतो, आणि त्यासाठी फार कौशल्य लागत नाही. मूळ स्कॅन न कातरता, कागदाच्या कडांसकट, वेगळा जपून ठेवावा. पार्श्वभूमी पुसून टाकण्याऐवजी लेयर मास्कखाली झाकावी, म्हणजे ती हवी तेव्हा परत उघडता येते. चित्राखाली ‘क्रॉप केलेले’, ‘पार्श्वभूमी काढलेली’ असे लिहावे. लेखाची जागा आणि माप द्यावे. आणि शक्य तेथे स्वच्छ चित्राशेजारी पूर्ण भिंतीचे लहान चित्र ठेवावे. विद्यार्थ्याच्या प्रबंधात उद्धरणाला पृष्ठांक नसेल तर आपण तो परत करतो. चित्राबाबतीत तीच शिस्त आपण अजून मागत नाही.

नाणेघाटाच्या मागच्या भिंतीवर भायल आणि महारठी यांच्या मधली जागा अजून तशीच आहे. तिच्यावर कोणाचे नाव होते हे आज कोणाला सांगता येत नाही. पण तेथे कोणीतरी होते हे सांगता येते, कारण दगड कातरून नेणे कोणाला जमले नाही. आपल्या संगणकांवर ते सहज जमते.