डोकेदुखीचा इलाज : सुंठीपासून गोळीपर्यंत

डोके धरले की सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर कोमट लेप लावायचा, हा परभणी जिल्ह्यातला जुना घरगुती इलाज. लेप वाळताना कातडी ताणते, चुरचुरते. पोटाला मात्र इजा नाही. जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. त्या संस्थानच्या राजधानीत, हैदराबादेत, 1920 मध्ये ‘जिंदा तिलिस्मात’ हे तयार औषध निघाले. मुंबईत अमृतांजन बाम 1893 पासूनच बनत होते.

खरा पालट गोळीने घडवला. अ‍ॅस्पिरिन, फिनॅसिटिन आणि कॅफीन यांची ‘एपीसी’ गोळी खूप खपली. पण वर्षानुवर्षे फिनॅसिटिन घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे जगभर दिसून आले आणि 1983 मध्ये भारताने त्यावर बंदी घातली. अ‍ॅस्पिरिनने जठराला जखमा होतात, तेही तितकेच खरे.

सर्वांत फसवा परिणाम वेगळाच. अर्धशिशीसाठी मिश्र वेदनाशामके महिन्यातून 10 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी जडवू शकते. ऑक्टोबरच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला सुटी गोळी घेऊन कामावर उभे राहावे लागते. यात तिचा दोष नाही. गोळी वारंवार लागत असेल, तर घेतल्याचे दिवस कॅलेंडरवर नोंदवून डॉक्टरांना दाखवावेत.