त्वचारोगग्रंथाची निवड : अंबरनाथच्या दृष्टीने

अंबरनाथ म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास इ. स. १०६० चे शिवमंदिर आठवते. त्याच पूर्व भागात आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील सामान्य डॉक्टराने त्वचारोगांवरील कोणता ग्रंथ हाताशी ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. तो ग्रंथ कोणाची त्वचा पाहून रचला गेला, हे प्रथम विचारले पाहिजे.

मुंबई इलाख्यापुरता या विचाराचा आरंभ हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याच्यापासून करणे योग्य होईल. ग्रेच्या शरीररचनेवरील ग्रंथाची चित्रे काढणारा हा गृहस्थ १८५८ मध्ये मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. मायसेटोमा या बुरशीजन्य व्याधीवरील त्याचा ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. त्यामागे येथील रुग्णांचे प्रत्यक्ष निरीक्षण होते. टिलबरी फॉक्स व फार्कहर यांनी निराळी वाट धरली. १८७२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून माहिती मागविण्याची योजना आखली आणि १८७६ मध्ये तिच्या आधारे ग्रंथ सिद्ध केला. दोहोंत कार्टरची वाट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

कारण उघड आहे. युरोपीय ग्रंथांत दाहाची मुख्य खूण म्हणजे लाली. सावळ्या त्वचेवर ती जांभळट किंवा काळसर दिसते, कित्येकदा दिसतही नाही. रूक प्रभृतींचा १९६८ चा ग्रंथ थोर खरा, परंतु तो तज्ज्ञाचा. वालिया यांनी संपादिलेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञ संघटनेचा ग्रंथ १९९४ मध्ये आला, तेव्हा येथील रुग्णांच्या अनुभवास त्याचे योग्य स्थान लाभले.

आवृत्तीचे वर्षही पाहावे. १९८१ पूर्वीचे पुस्तक कुष्ठरोगास एकटे डॅप्सोन सांगेल. बहुऔषधी उपचारांची शिफारस त्या वर्षीची. गजकर्णाचेही तसेच. टर्बिनाफिनला पुष्कळदा दाद न देणाऱ्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव २०२० मध्ये मिळाले. त्यातून स्टेरॉइडयुक्त मलमांनी रोगाचे रूप पालटते ते वेगळेच.

अंबरनाथपुरती आणखी एक कसोटी आहे, आणि आमच्या मते तीच निर्णायक. विम्कोच्या आगपेटी-कारखान्यामुळे हे गाव विसाव्या शतकात उद्योगाचे म्हणून ओळखले गेले. आगकाडीच्या गुलात पोटॅशियम डायक्रोमेट वापरीत. क्रोमियमचे क्षार सिमेंटातही असतात, आणि त्यांनी त्वचेस दाह होतो, व्रणही पडतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात क्रोमजन्य व्रणाचा समावेश होता. तो आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास लेखी कळविण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरावर होते. ग्रंथात व्यवसायजन्य रोगांचे प्रकरण नसेल, तर हाच विकार ‘इसब’ ठरतो, मलम दिले जाते, आणि कामगार दुसऱ्या दिवशी त्याच पिंपाशी उभा राहतो.

तेव्हा मोठा संदर्भग्रंथ ग्रंथालयात असू द्यावा. दवाखान्यासाठी अलीकडच्या आवृत्तीचे, भारतीय रुग्णांची छायाचित्रे असलेले आटोपशीर पुस्तक घ्यावे. मात्र विकत घेण्यापूर्वी त्याच्या सूचीत ‘क्रोमियम’ हा शब्द शोधावा.